कागद, पत्रा, मग इंजिन

बुऱ्हाणपुरात एखादा जुना वाडा विकायला निघाला की वाटणीच्या यादीत कधी कधी अगदी तळाशी एक गाडी निघते. मागच्या पडवीत, कापसाच्या गाठोड्यांआड दडलेली, दोन दारांची, बुटकी. आजोबांनी ऐन उमेदीत घेतलेली. चारही टायर बसलेले, पत्र्यावर तांबूस पापुद्रे. मग घरात लगेच दोन तट पडतात. पुण्याला नोकरी करणारा नातू म्हणतो, रिस्टोअर करू. इथं राहून वाड्याची घरपट्टी भरणारा काका म्हणतो, भंगारवाल्याला बोलवा. गंमत अशी की दोघंही गाडीखाली एकदासुद्धा न वाकता बोलत असतात.

वाकून काय पाहायचं आणि ते कुठल्या क्रमाने, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक लोक सुरुवात इंजिनापासून करतात. ते फिरलं की हुरळून जातात, मग पत्र्याला हात घालतात आणि बराच पैसा ओतून झाल्यावर आर.सी. बुक शोधायला कपाटं उपसतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. आधी कागद, मग पत्रा आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याकडे फार पर्याय नाहीत. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात जवळपास बंदच झाली. त्यामुळे जुन्या घरांतून निघते ती त्याआधीची किंवा त्या सुमाराची एखादी एमजी, क्वचित एखादी ट्रायम्फ, नाहीतर मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून बनू लागलेली स्टँडर्ड हेरल्ड. हेरल्ड काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हे, पण ती ट्रायम्फ स्पिटफायर या खऱ्या स्पोर्ट्स कारची थोरली बहीण. दोघींचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी काढला आणि स्पिटफायरचा सांगाडा हेरल्डच्याच सांगाड्यावरून बेतला गेला. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यतींत हेरल्ड पळाल्या आहेत. अँबॅसडर आणि फियाटच्या जमान्यात मध्यमवर्गीय माणसाला याहून 'स्पोर्टी' काही मिळत नव्हतं.

या शौकाचं आपल्या भागातलं शिखर इंदूर. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतून ड्युसेनबर्ग एसजे या गाडीचा सांगाडा घेतला, लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून त्यावर दोन आसनांची बॉडी चढवून घेतली आणि तिला भगवा-काळा रंग दिला. ती गाडी आज अमेरिकेत आहे, जगातल्या नावाजलेल्या मोटारींत तिची गणना होते. १९५० पूर्वीच्या गाड्यांच्या निर्यातीवर पुढे सरकारने निर्बंध आणले. अशी गाडी पडवीत सापडली तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरळ वकील गाठा. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

कागद आधी का, हे सांगायला मला दोन परदेशी गाड्या फार उपयोगी वाटतात. पहिली १९२५ची बुगाटी. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामध्ये पसरलेल्या माज्जोरे सरोवराकाठी ती बेवारस राहिली होती. तिची जकात भरलेली नव्हती, आणि जकात न भरलेली गाडी नष्ट करणं अधिकाऱ्यांना भाग होतं. सांगतात की त्यांनी १९३०च्या दशकात ती साखळीला बांधून पाण्यात सोडली, म्हणजे पुढेमागे वर काढता यावी. साखळीच गंजून तुटली आणि गाडी पन्नासेक मीटर खोल तळाशी गेली. २००९ साली ती वर काढली तेव्हा एका बाजूचा पत्रा जवळजवळ उरलाच नव्हता. दुसरी १९५४ची फेरारी मॉन्डियाल. शर्यतीत आपटून, जळून तिचा चोळामोळा झालेला, गाडी म्हणावी असं फारसं काही शिल्लक नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या लिलावात तो ढिगारा १८ लाख ७५ हजार डॉलरला गेला. घेणाऱ्याने पत्र्याचे पैसे मोजले नव्हते. अमुक क्रमांकाची फेरारी ती हीच, या निर्विवाद ओळखीचे मोजले. बुगाटीला कागदाने बुडवलं, फेरारीला कागदाने तारलं.

आपल्याकडची गोष्ट इतकी नाट्यमय नसते, पण चिवट असते. गाडी आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात. नियम सांगतो की मालकाचा मृत्यू झाल्यावर वारसाने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. प्रत्यक्षात हे कुणीच केलेलं नसतं. म्हणजे आता सगळ्या वारसांची संमती हवी, आणि वाड्यावरून तंटा चालू असेल तर गाडीसाठी सही मागायला कोण जाणार? माझा अनुभव असा की काम अडतं ते इथं. पत्र्याचा सडका भाग कापता येतो, रुसलेल्या चुलत्याचं काय करणार?

त्यात आपलं गाव सीमेवरचं. बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १५ ऑगस्ट २००३ला, त्याआधी सगळा कारभार खंडव्याहून चाले. शिवाय इथल्या कित्येक घरांचा व्यवहार भुसावळ, जळगाव आणि मुंबईशी. तेव्हा जुन्या गाडीची नोंद खंडव्याला, इंदूरला की महाराष्ट्रात, हे आधी नंबरपाटीवरून ठरवावं लागतं. महाराष्ट्रातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. परदेशी बनावटीची असेल तर ती कस्टममधून सोडवल्याचा कागदही हवा. तो नसेल आणि पूर्वीची आर.सी.ही नसेल, तर मी पुढे एक रुपया घालणार नाही.

कागद सापडले, तर दोन वाटा आहेत. एक नेहमीची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी वाढवून घ्यायची. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० झालं. दुसरी वाट २०२१च्या नियमांनी उघडली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवलेलीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' लागतं. मात्र अशी गाडी रोज चालवायला बंदी आहे. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यायची.

या नियमात एक मेख आहे. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असेल तर व्हिंटेज दर्जा मिळत नाही. निमाड-खानदेशात जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याची मोठी साथ येऊन गेली. पेट्रोल परवडत नव्हतं, त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आज तशी गाडी कितीही चकचकीत केली तरी ती या दारातून आत जाणार नाही. मूळ इंजिन पडवीच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली पडलेलं आहे का, ते आधी बघा.

आता पत्रा. लोखंड गंजतं म्हणजे ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग पावून मातीच्या रूपाकडे परत जाऊ लागतं. ॲल्युमिनियमवर साचणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो, आतल्या धातूला तो राखतो. गंज तसा नाही. तो सच्छिद्र, भुसभुशीत, ओलावा धरून ठेवणारा. वर त्याला मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून जिथं दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतात तिथं आतला गंज फुगून जोड उकलतो आणि बाहेरच्या रंगाला फोड येतो. हा फोड दिसला की समजावं, पत्रा आतून संपत आलाय. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. तिथं गंजाला फार वेळ लागत नाही. सांगाड्याचं पोलाद त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड, ते तग धरतं.

हवेचा प्रश्न इथं निर्णायक ठरतो. व्हर्नन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोग करून दाखवलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असली आणि हवा स्वच्छ असली तर लोखंड जवळजवळ गंजत नाही, त्यावर गेली की वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर मीठ असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. आता आपल्या उन्हाळ्याकडे बघा. तापीकाठच्या मार्च ते मेच्या झळांना आपण शिव्या घालतो, पण त्याच झळांनी पडवीतली गाडी राखलेली असते. वर्षातले सात-आठ महिने इथली हवा कोरडीठाक असते. तीच गाडी मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत तेवढीच वर्षं उभी राहिली असती तर आज तिच्यात पत्र्यापेक्षा भोकं जास्त असती. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की गाडीने आयुष्य कुठं काढलं? मुंबईहून आणलेली गाडी इथं वीस वर्षं कोरडी राहिली तरी तिच्या पोकळ्यांतलं मीठ तसंच असतं आणि दर पावसाळ्यात ते जागं होतं.

कोरड्या हवेचं हे वरदान घालवण्याचे खात्रीशीर मार्गही आपल्याकडे आहेत. गाडी खतांच्या गोण्यांशेजारी ठेवणं हा त्यातला अव्वल. इथल्या केळीच्या पिकाला पोटॅश लागतंच, आणि शेतकऱ्याच्या गोदामातलं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचाच भाऊ. फाटलेल्या गोणीतून ते उडतं, पत्र्यावर बसतं, हवेतलं पाणी ओढून घेतं. गोठ्यालगत गाडी असेल तर गोमूत्रातून सुटणारा अमोनिया पितळेला तडे पाडतो, रेडिएटर त्याने जातो. मातीच्या ओल्या जमिनीतून वाफ वर येते आणि वरून प्रेमाने टाकलेली ताडपत्री ती आत कोंडते. गाडी झाकायचीच तर सुती चादरीने झाका. एमजीच्या टीसी, टीडी या गाड्यांत आणखी एक धोका आहे. त्यांच्या बॉडीचा आतला सांगाडा लाकडी असतो, पत्रा त्यावर ठोकलेला. तिथं गंजाआधी वाळवी बघायची.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथं ते निसटतं तिथं लोखंड नसून लांबी भरलेली आहे. जुन्या डेंटरांनी लांबीने अख्खे मडगार्ड घडवलेले मी पाहिले आहेत, कारागिरी म्हणून दाद द्यावी अशी. मग मॅट उचलून पायाखालचा पत्रा, दाराखालची पट्टी, डिकीचा तळ, स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बर जिथं जोडलेत त्या जागा, इथं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टण्ण वाजलं तर ठीक. टोक आत गेलं तर तो भाग कापावाच लागेल. काळा अंडरकोट ताजा फासलेला दिसला तर जरा जोरात टोचा, मालक रागावला तरी चालेल. शेवटची परीक्षा जॅकची. दारं बंद करून गाडीची एक बाजू जॅकवर घ्या आणि मग दार उघडून पाहा. ते अडकलं किंवा फट वरखाली झाली, तर गाडी मधोमध वाकते आहे.

आणि हे वाकणं कुठल्या गाडीचं, यावर सगळं ठरतं. फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, हिला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. तिचा तळ सडला तर गाडीचा कणा सडला. हेरल्डचं उलट आहे. तिला स्वतंत्र चासी आहे आणि बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर बसवलेली. सडका तुकडा सोडवा, दुसरा लावा. पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट उलटं उघडतं, इंजिनाभोवती माणूस आरामात बसू शकतो. स्पिटफायरमध्ये मात्र त्याच चासीच्या बाजूच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि तो भार दाराखालच्या पत्र्यावर दिला. म्हणून बहिणी असल्या तरी हेरल्डच्या दाराखालचा गंज दिसायला वाईट आणि स्पिटफायरचा जिवावरचा. तो कापताना आधी आतून आडवे आधार वेल्ड केले नाहीत तर गाडी कायमची वाकडी होते.

पत्र्याइतकाच महत्त्वाचा आणि नेहमी विसरला जाणारा मुद्दा म्हणजे काय हरवलंय. पूर्ण पण गंजलेली गाडी मी घेईन, अर्धी पण चकाकती गाडी घेणार नाही. पुढची काच, दिव्यांची कडी, क्रोमच्या पट्ट्या, मीटर, दाराची हँडलं, यांतला एकेक नग शोधण्यात वर्षं जातात. ट्रायम्फचे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजून मिळतात, त्याचा फायदा हेरल्डला होतो. पण १९६८च्या सुमारास आलेली चार दारांची हेरल्ड फक्त भारतातच बनली. तिची मागची दारं इंग्लंडमध्ये कुणाकडेही मिळणार नाहीत. ती सडली असतील तर पत्रा ठोकून नवी घडवणारा कारागीर हवा, आणि असे कारागीर आता म्हातारे झालेत.

इंजिनाबद्दल थोडक्यात. त्याची भीती उगाच असते. जाम झालेल्या इंजिनाला सेल्फ मारू नका, धक्काही देऊ नका. प्लग काढून भोकांत पातळ ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग पुलीच्या बोल्टाला पाना लावून हाताने हलवून बघा. नाही हललं तरी बिघडत नाही. ओतीव लोखंडाचं साधं इंजिन उघडतं, बोअर होतं, नव्या स्लीव्ह बसतात. पॉवरलूमच्या या गावात लेथवाल्यांना तोटा नाही, बुश आणि पिना ते डोळे मिटून करतात. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंक झालेलं असतं, टाकी सोडवून स्वच्छ करा आणि वेल्डिंग घरगुती मिस्त्रीकडून मुळीच करून घेऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफ स्फोट घडवते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर फुगवतं आणि पाणी शोषून टाकी आतून गंजवतं, म्हणून सगळे पाइप बदला आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. ब्रेक आणि टायर यांत काटकसर नको. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांवरचा टायर टाकून द्यायचा.

पैशाचा हिशेब कटू आहे, पण सांगायलाच हवा. हेरल्ड किंवा फियाटसारखी गाडी नट-बोल्ट उघडून नव्यासारखी करायची तर हजारावर तास मजुरी सहज जाते. गद्द्या, क्रोम, रंग वेगळे. तयार गाडीची बाजारातली किंमत बहुतेक वेळा या खर्चापेक्षा कमीच भरते. नफ्यासाठी हे काम करू नये, आणि जो गॅरेजवाला 'नंतर डबलमध्ये जाईल' म्हणतो त्याच्याकडे तर मुळीच देऊ नये. त्याहून मोठा धोका अर्धवट राहण्याचा. गाडी उघडायला आठवडा लागतो, जोडायला वर्षं. मधल्या काळात नट-बोल्ट पोत्यांत मिसळतात, डेंटर गाव बदलतो, घरात लग्न निघतं. गंजाने मेलेल्या गाड्यांइतक्याच पोत्यांत मेलेल्या गाड्या असतील.

म्हणून माझा कौल बहुतेक घरांसाठी मधल्या वाटेला आहे. गाडी नवी करू नका, आहे तशी थांबवा. सैल गंज तारेच्या ब्रशने काढा. पातळ गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावा, त्यावर झिंकचा प्रायमर, पोकळ्यांत मेण किंवा ऑइल. वाळूचा मारा फक्त चासीवर करावा, पातळ पत्रा त्याने पन्हाळीसारखा वाकतो, आणि वाळूची ती धूळ कारागिराची फुप्फुसं खाते. मग ब्रेक, टायर, वायरिंग करून गाडी चालती करा आणि जुना रंग राहू द्या. जगभरच्या जाणकारांची चव याच दिशेने वळली आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध स्पर्धेत २००१ पासून मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांना वेगळा गट आहे. सरोवरातून काढलेली ती बुगाटी २०१० साली पॅरिसच्या लिलावात २ लाख ६० हजार ५०० युरोला गेली. ज्या संग्रहालयाने घेतली त्याने तिला हात न लावता, गंजलेलीच मांडली.

कागद नाहीत आणि कणाही सडलाय, अशी गाडी सोडून द्यावी, त्यात हळहळ करू नये. फक्त भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी दोन कामं करा. चासी आणि इंजिनाचा नंबर उतरवून आर.सी.च्या प्रतीसोबत ठेवा. आणि इंदूर, नाशिक, पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना फोटो पाठवून विचारा. तुमच्या पडवीतली काच, मीटर किंवा एखादं दार त्यांच्यातला कुणीतरी दहा वर्षांपासून शोधत असेल.